तिच्या खोडावरची लाल बोटं

दहा दिवस लागून राहिलेला पाऊस पहाटे थांबला. सुरी डोंगराच्या कडेवर ऊन आलं तोवर ओकबुनच्या अंगणात चार चटया पसरून झाल्या होत्या. आमच्या बामगोल गावात आठव्या महिन्यात ऊन पडलं की आधी मिरच्या बाहेर येतात, मग माणसं. दहा दिवस त्या मिरच्या खालून तापवलेल्या खोलीत जमिनीवर लोळत होत्या आणि नवरा गेल्यापासून एकटी राहणारी ओकबुन भिंतीला चिकटून उरलेल्या जागेत झोपत होती. घरभर असा खकाणा, की मांजरसुद्धा आठवडाभर शिंकत हिंडलं. आता ती चटईशी उकिडवी बसून एकेक मिरची उलटत होती. देठाशी मऊ पडलेली बाजूला टाकायची, चांगली उताणी करून ठेवायची. हात उघडेच. हातमोजे घालून मिरचीला शिवणारी बाई शहरातली, असं आमच्याकडं मानतात.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज उठला.

"अगं या गं! समद्याजणी या! बघा माझ्या खोडावर काय उगवलंय!"

आवाज माल्सुनचा. माल्सुन म्हणजे ओकबुनची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये छातीएवढी दगडी भिंत आणि चाळीस वर्षं. ओकबुननं मान वर केली नाही. माल्सुनकडं बघण्यासारखं काही आहे असं कळलं की तिची मान आखडते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी समोरच राहते, त्यामुळं मला जरा जास्तच.

पण मग बुन्ये आजीचा घोगरा आवाज आला. "अगं, यंगजी! यंगजीच की गं ही! आणि सात!"

ओकबुनच्या हातातली मिरची खाली पडली.

यंगजी म्हणजे लाखेनं घोटल्यासारखं तांबडं, लाकडासारखं टणक अळंबं. खायचं नाही, तासन् तास उकळून त्याचा काढा प्यायचा. आजाऱ्याला ताकद, म्हाताऱ्याला जोम. महिनाभर डोंगर तुडवून एखादं हाती लागलं तर माणूस ते कोटाच्या आत लपवून घरी आणतो आणि बायकोलाही दुसऱ्या दिवशी सांगतो. ते असं घरामागच्या बागेत, कापलेल्या खोडावर, सात उगवायचं?

खोड कसलं तेही सांगते. ते चेस्टनटचं झाड दोघींच्या सासूनं लावलेलं, भिंतीलगत. चाळीस वर्षं त्याचा पाला पडायचा ओकबुनकडं आणि झाडायचीही तीच. तीन वर्षांपूर्वी माल्सुननं आपल्या मडक्यांच्या ओट्यावर सावली पडते म्हणून ते पाडलं. किमचीच्या आणि सोयाच्या मडक्यांना ऊन लागतं, हे खरंच आहे. पण विचारायची रीत होती. खोड उरलं ते माल्सुनच्या हद्दीत, जेमतेम दीड हातानं.

ओकबुन सामचॉकच्या किनाऱ्यावरची. विसाव्या वर्षी लग्न होऊन डोंगरात आली तेव्हा गावातली पोरं तिच्या मागून नाक धरून चालायची, "मासा आला, मासा आला!" अळंबं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. सासू मात्र अख्ख्या बामगोलाची नजर. पानगळीच्या दिवसांत डोंगरावरून उतरलेली प्रत्येक टोपली आधी तिच्या ओट्यावर रिकामी व्हायची. ती तीन ढीग करायची. हे खा, हे मिठात मुरवून खा, हे पुरून टाका. टाकायचा ढीग ती पायानं लोटायची.

सासूनं ओकबुनला अठरा वर्षं डोंगरावर नेलं. शिकवलं म्हणजे काय, तर चापट. चुकीच्या ठिकाणी हात गेला की चापट. कुठल्या झाडाखाली आहे ते बघ, मोड, आतला रंग बघ, वास घे. तोंडानं फार नाही बोलायची ती. अठरा वर्षांत ओकबुनचा हात शहाणा झाला, आणि तिला वाटलं, आता या ओट्यावर आपणच बसणार.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि माल्सुन आली. माहेर यांगयांग. आमच्या मुलखात उत्तम अळंबी म्हटलं की यांगयांगचंच नाव. नवरी दारात आली तशा बायका म्हणाल्या, "हिच्या तर रक्तातच अळंबी!" ही पोरगी डोंगर चढली होती का, हे कुणी विचारलं नाही. बाप बसचा कंडक्टर. डोंगर तिनं बघितला तो बसच्या खिडकीतून. पण गोरा चेहरा, गोड बोलणं, आणि वर्षाच्या आत मुलगा. ओकबुनला एक मुलगी, बस. नातू झाला त्या दिवशी सासूनं आपला लग्नातला चांदीचा चमचा माल्सुनच्या पदरात टाकला. पुढं सासू सहा वर्षं अंथरुणावर होती. तिचं हगणंमुतणं ओकबुननं काढलं. चमचा तिकडंच राहिला.

आमच्याकडं म्हणतात, विषारी अळंब्याला लागली की चांदी काळी पडते. सासूनं चमचा कधी असा वापरला नाही, ती त्यानं फक्त सणाचा भात खायची. पण ती गेली आणि माल्सुननं चमचा बाहेर काढला. मग टोपल्या तिच्या ओट्यावर जायला लागल्या. चमच्यानं सांगितलेलं माणसाला पटतं.

ओकबुन भिंतीशी उभी राहून त्या टोपल्यांकडं बघायची आणि मनातल्या मनात ढीग करायची. माल्सुननं बरोबर सांगितलं की तिचा दिवस वाईट जायचा. दोनदा माल्सुननं चूक सांगितलं. दोन्ही वेळा ओकबुन मागच्या दारानं त्या घरी गेली, "ते वरचं तपकिरी टाकून द्या" म्हणून सांगून आली. त्यांनी टाकलं. पण गावात बोभाटा झाला तो एवढाच, की ओकबुन धाकटीवर जळते. एकदा पाटी लागली ती लागली.

तर त्या सकाळी ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

ओल्या काळ्या खोडाच्या मुळाशी सात लाल बोटं वर आली होती. जमिनीखालून कुणी हात बाहेर काढावा तशी, काही सरळ, काही टोकाला दुभंगलेली. लाल म्हणजे असं लाल, की तिच्या अंगणातल्या मिरच्या फिक्या वाटाव्यात. ओकबुननं नंतर मला कबूल केलं, पहिल्यांदा तिला भीती वाटलीच नाही. पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की दीड हात. दीड हात इकडं उगवली असती तर काय झालं असतं?

"जाऊबाई, भिंतीवरनं काय बघताय? दारानं या की," माल्सुन म्हणाली.

"दिसतंय हितनं."

"मग? कसं हाय?"

"लाल हाय."

बायका हसल्या. माल्सुनही हसली. तिला हसायला परवडत होतं.

"कवळी हाय म्हनून लाल," माल्सुन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कवळ्या यंगजीला आशीच शिंगं फुटतात, हरणावानी. माझ्या माहेरी अशी यंगजी..."

"तुझ्या माहेरी तुझा बाप तिकिटं फाडायचा."

"फाडायचा! यांगयांगच्या गाडीची फाडायचा, सामचॉकच्या न्हाई!"

बुन्ये आजी नव्वदीची आहे आणि गल्लीतल्या सगळ्या भांडणांचा निकाल तिच्याकडं असतो. ती म्हणाली, "गप गं दोघी. ओकबुन, तुला काय दिसतंय ते सरळ सांग."

"मोडून बघितलं का?" ओकबुननं विचारलं.

"मोडायचं कशापायी?" माल्सुन खोडाच्या आडवी उभी राहिली. "दारात आलेलं भाग्य मोडून बघतात व्हय?"

"मोडल्याबिगर कळत न्हाई. यंगजी आतनं तपकिरी असती, बुचावानी. आणि वाढीला लागलेली असली तर शेंडा पिवळट-पांढरा असतो. हिचा शेंडा बी लालच हाय." ती थांबली. "ते इख असंल."

विष म्हटल्यावर दोघी-तिघी खोडापासून मागं सरल्या. माल्सुननं मान तिरकी केली.

"असंल? का हाय?"

"हाय" असं ओकबुनला म्हणता आलं नाही.

"बघा," माल्सुन म्हणाली. "असंल म्हणे."

स्वयंपाकघराच्या दारात दोकमान उभा होता. माल्सुनचा नवरा, ओकबुनचा धाकटा दीर. वसंतापासून त्याचे डोळे पिवळे होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी दारू बंद केलेली, आणि जेवण आपोआप बंद झालेलं. यंगजी कुणासाठी उकळायची ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. ओकबुन लग्न होऊन आली तेव्हा हा आठ वर्षांचा होता. गोवर निघाला तर सासू डोंगरावर, म्हणून वीस वर्षांची नवी नवरी त्या घोड्याला पाठीवर बांधून घरभर फिरत होती. पुढं तो मोठा झाला, आणि वहिनीनं शिवलेले शर्ट घालून दुसरीच्या स्वयंपाकाचं कौतुक करायला लागला.

ओकबुन घरी आली आणि मिरच्यांशी बसली. हात चालत होता, डोकं चाळीस वर्षं मागं गेलं होतं.

एकदाच. अठरा वर्षांत एकदाच तिनं तसलं काही बघितलं होतं. ओकच्या सडक्या बुंध्यापाशी लाल काहीतरी. तिनं हात पुढं केला आणि सासूनं असा फटका मारला की मनगट सुजलं. "हात जाळशील," एवढंच म्हणाली सासू. "हे बघायचं आनि माघारी फिरायचं." पण ती संध्याकाळ होती, आणि संध्याकाळच्या उन्हात सगळंच लाल दिसतं. ती बोटं अशीच होती का? होती किती, तीन का चार? जेवढं आठवावं तेवढी तिच्या आठवणीतली बोटं माल्सुनच्या बोटांसारखी होत चालली. आणि मग तिच्या मनात तो प्रश्न आला, ज्यानं तिचा हात थांबला. हीच जर आपल्या बागेत उगवली असती, तर आपल्याला काय दिसलं असतं?

यंगजी. खरं उत्तर तेच होतं. आपल्या खोडावर तिला यंगजीच दिसली असती.

संध्याकाळी दोकमान भिंतीच्या खिंडारातून आत आला. हातात वहिनीसाठी भाजलेले बटाटे.

"वहिनी, उगा डोक्यात घेऊ नका."

"तू ते पिऊ नगं."

"ती दोन दिवस नाचंल बघा. डोंगर न चढता डोंगर गावला तिला."

"तिनं कवा चढला हुता?"

दोकमान हसला. त्याचं हसणं अजून आठ वर्षांच्या पोराचं होतं. "बघा. आसं बोलता, म्हनून खरं बोललात तरी कुनी ऐकत न्हाई तुमचं."

तो गेल्यावर ओकबुननं बटाटे खाल्ले नाहीत. त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माल्सुननं बायकांना बोलावलं. त्यातलं एक बोट तिनं उघड्या हातानंच उपटलं होतं आणि मातीच्या भांड्यात अख्खंच्या अख्खं उकळायला ठेवलं होतं. पाणी तांबूस झालं होतं. तिनं सासूचा चमचा त्यात सोडला. आम्ही आठ-दहा जणी वाट बघत बसलो. भाताचं एक आधण येईल इतका वेळ गेला. तिनं चमचा काढला, पुसला, उन्हात धरला. लखलखीत.

"आयं गं, कसा चकाकतोय!" बुन्ये आजी म्हणाली. एकीनं टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी ओकबुन दारातून आत आली. भिंतीवरून नव्हे, दारातून, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा. हातात एक वाडगा. वाडग्यात चार उकडलेली अंडी, सोललेली.

"दे तो चमचा."

माल्सुन गोंधळली आणि देऊन बसली. ओकबुननं चमचा एका अंड्याच्या बलकात घुसवला, दाबून धरला आणि खाली बसली. कुणाला काही कळेना. मग तिनं चमचा बाहेर काढला. आधी पिवळट दिसला, मग तपकिरी, मग बघता बघता टोकाकडून काळा पडत गेला.

"हे बघा. चांदी काळी पडली. आता अंड्यात बी इख हाय व्हय?" तिनं तेच अंडं तोंडात कोंबलं आणि चावत चावत म्हणाली, "मी तर खाल्लं. चमच्याला काय कळतंय? त्याला अंड्यातलं कळतं, अळंब्यातलं न्हाई!"

पुरावा असा बिनतोड होता, की तिला वाटलं आता सगळ्या उठून भांडं ओतून टाकतील.

"माझा चमचा!" माल्सुन किंचाळली. "आत्याबाईंचा चमचा काळा केला गं हिनं!"

"अंड्यानं चांदी काळी पडती ते माझ्या आजीला बी ठावं हुतं," बुन्ये आजी म्हणाली. "म्हनून तर चांदीनं अंडं खात न्हाईत. पन त्यासाठी चमच्याची वाट लावायची? इतकी वरसं पोटात ठेवलंस ते आज काढलंस, व्हय ना ओकबुन?"

ओकबुनच्या तोंडात अंडं होतं, आणि अंड्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी तिला गिळता येईना. चमचा काळा पडत असताना तिला बरं वाटलं होतं. अळंब्यासाठी नव्हे. नुसतंच, मनापासून, बरं वाटलं होतं.

"उद्या सकाळी," माल्सुन चमचा राखेनं घासत सगळ्यांना म्हणाली, "उपाशीपोटी पाजनार हाय मी त्यांना. मग कुनाच्या पोटात दुखायचं ते दुखू द्या."

दुसऱ्या सकाळी दरीत धुकं साचलं होतं पण वर आभाळ मोकळं होतं. ओकबुननं चटया पसरल्या आणि मिरच्या न उलटता तशीच उठली. जन्मात कधी न केलेली गोष्ट. मी माझ्या दारातून बघत होते. राखेची बादली घेऊन ती सरळ माल्सुनच्या दारातून आत गेली, घरामागच्या बागेत वळली आणि खोडापाशी वाकली. खोडावर सहा उरली होती. तिनं उघड्या हातानं पहिलं बोट धरलं आणि मोडलं.

गाजर मोडावं तसं ते कट्टकन मोडलं. आतून पांढरं, ओलसर, मऊ. तपकिरी नाही, बूच नाही, लाकूड तर नाहीच.

चाळीस वर्षांपूर्वीचा फटका तिच्या मनगटावर पुन्हा बसला, असं ती म्हणते. त्या क्षणी तिला ठाम कळलं. आणि त्याच वेळी हेही कळलं, की हे पांढरं कुणाला दाखवून उपयोग नाही. "कवळी हाय म्हनून पांढरी," एवढं म्हटलं की झालं.

मग तिनं दाखवलंच नाही. दुसरं उपटलं, तिसरं, चौथं. मुळाशी बोटं घालून खरवडलं. सगळं बादलीत टाकून वर राख लोटली.

"चोर! अगं माये, चोर!" माल्सुन उघड्या पायांनी धावत आली. तिनं बादलीची कडी धरली, ओकबुननं दुसरी बाजू धरली. अठ्ठ्याहत्तरीची एक आणि पासष्टीची एक, राखेनं माखून, त्या खोडाभोवती गोल गोल फिरत होत्या. बुन्ये आजी काठी टेकत आली, मागोमाग आम्ही.

"तुला बघवलं न्हाई!" माल्सुन ओरडत होती. "माझं कायबी तुला बघवलं न्हाई! मुलगा झाला तवा बघवलं न्हाई, चमचा मिळाला तवा बघवलं न्हाई, आता माझा मानूस बरा हुनार तर त्ये बी..."

"न्हाई बघवलं!"

ओकबुननं बादली सोडून दिली. माल्सुन तोल जाऊन मागं बसली.

"न्हाई बघवलं," ओकबुन पुन्हा म्हणाली, आता हळू. "जळते मी तुझ्यावर. तू दारात आलीस त्या दिवसापासनं जळते. तुझ्या पोरावर, तुझ्या माहेरावर, त्या चमच्यावर. काल तो काळा झाला तवा मला लई बरं वाटलं. समद्या गावाला ठावं हाय ते, आज मी बी म्हनते. पन त्ये इख हाय, माल्सुन. 'असंल' न्हाई. हाय."

चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर ही बाई "मी? छे!" म्हणत आली, ती तिनं स्वतःच्या तोंडानं अंगणाच्या मधोमध टाकली होती. माल्सुन बसल्या जागी बादली पोटाशी धरून तिच्याकडं बघत होती.

दोकमान स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला होता. हातात काढ्याचा वाडगा, गार व्हायला धरलेला. त्यानं एकदा वहिनीकडं बघितलं, एकदा वाडग्यात. मग उठला, मोरीपाशी गेला आणि वाडगा उपडा केला. आत जाऊन भांडं आणलं, तेही उपडं केलं.

"आवं, काय करताय ह्ये!" माल्सुन ओरडली.

"मला तसा बी लाकडाचा काढा आवडत न्हाई," तो म्हणाला. "भात असंल तर वाढ."

पुढचे तीन दिवस त्या भिंतीवरून मिठाची चिमूटही इकडची तिकडं गेली नाही. गावानं निकाल दिलेला होता. ओकबुननं जळून भाग्य उपटलं, नवऱ्यानं भांडण मिटवायला काढा ओतला. एवढंच. कुणी मेलं नाही, त्यामुळं कुणी वाचलं असंही नाही.

तिसऱ्या दिवशी ओकबुनच्या उजव्या हाताची बोटं लाल झाली, चौथ्या दिवशी कातडी सुटायला लागली. अंगठ्याची तर सापाच्या कातीसारखी अख्खी निघाली. ती ताबडतोब बुन्ये आजीकडं गेली आणि हात तिच्या नाकासमोर धरला. तोंडावर असा आनंद, की हात तुटून पडला असता तरी चाललं असतं.

"बघा! नुसतं शिवलं तर ही गत. पोटात गेलं असतं तर?"

बुन्ये आजीनं हात उलटसुलट करून बघितला. "मिरची हाय ही. माझी बी जाते दर वरसाला. तेल लाव."

ओकबुन परत आली ती चटईशी धप्पकन बसली. मी तेल घेऊन गेले तेव्हा तिनंच मला हे सगळं सांगितलं, संध्याकाळच्या उन्हापासून अंड्यापर्यंत. सालं निघालेल्या बोटांनी मिरच्या उलटता येईनात, मिरची लागली की ती "स्स" करायची आणि पुन्हा हात घालायची.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं.

माल्सुन उभी होती. दोन्ही हातांत कोपरापर्यंत गुलाबी रबरी हातमोजे, नवेकोरे, दुकानाची घडी अजून न मोडलेली. चाळीस वर्षांत मिरचीच्या दिवसांत तिच्या हाताला मोजा कुणी बघितला नव्हता. "मोजे शहराच्या बायकांना" हे म्हणण्यात तीच सगळ्यात पुढं. ओकबुननं मोज्यांकडं बघितलं, माल्सुनच्या तोंडाकडं बघितलं, आणि पुन्हा मोज्यांकडं. उजव्या मोज्याच्या तोंडातून आत हाताला बांधलेल्या पांढऱ्या फडक्याचं टोक बाहेर आलं होतं.

मी तेलाची बाटली बंद करण्यात गुंतले.

"आभाळ येतंय," माल्सुन म्हणाली. "एकटीनं चटया कशा उचलाल?"

"आत्तापर्यंत उचलल्याच की."

"तवा हात धड हुता." माल्सुन चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि मिरच्या उलटायला लागली. जाड रबरात देठ कळत नव्हते, एक कुजकी मिरची तिनं चांगल्यांत ठेवली. ओकबुननं ती न बोलता उचलून बाजूला टाकली. माल्सुननं दुसरी ठेवली. ओकबुननं तीही टाकली.

"त्यांनी विचारलंय," माल्सुन मान खाली घालून म्हणाली, "वहिनीचा हात कसा हाय म्हनून."

"त्यांनी विचारलंय व्हय?"

"मग काय, मी विचारीन?"

थोड्या वेळानं तिनं कमरेच्या पट्ट्यात खोचलेलं काहीतरी काढून चटईवर फेकलं. आणखी एक हातमोज्यांचा जोड. जुना, फिकट पडलेला, भांडी घासून घासून मऊ झालेला.

ओकबुननं तो उचलून उन्हात धरला. तर्जनीला भोक होतं.

"नवा तुला, आनि जुना मला."

"नको असंल तर द्या हिकडं."

ओकबुननं दिला नाही. सोललेली बोटं एकेक करून, दात चावत, त्या जुन्या रबरात घातली. भोकातून तर्जनीचं लाल टोक बाहेर राहिलं. मग ती पुढं सरकली आणि जिथं थांबली होती तिथून मिरच्या उलटायला लागली, कुजकी इकडं, चांगली उताणी, आणि मधूनमधून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या कोऱ्या गुलाबी मोज्यांकडं बघत.